पूलच्या खोलीतली ओल : बडोदेकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

गोत्री, वासणा, भायलीकडचे बंगले आणि नव्या सोसायट्यांची क्लबहाउसं, दोन्हीकडे छताखालचे पोहण्याचे पूल वाढले. त्यांच्या मागोमाग पोपडे धरलेल्या भिंती, गंजलेले बिजागर आणि चुरचुरणारे डोळेही आले. खालचे प्रश्न लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. शब्द थोडे आवरले आहेत, रोख तोच ठेवला आहे. उत्तरांतले आकडे एका नमुन्याच्या घरगुती पूलसाठी आहेत : १० मीटर लांब, ४ मीटर रुंद, पाणी २८ अंश सेल्सिअस. तुमचा पूल याच्या दुप्पट असेल तर आकडे दुप्पट धरा, निम्मा असेल तर निम्मे.

१. पूल खोलीत आहे म्हणजे दमट असणारच. त्यात एवढी काळजी कसली?

काळजी पाण्याच्या हिशेबाची. खोलीतली हवा ३० अंश आणि आर्द्रता ५५ टक्के असेल, तर नमुन्याच्या पूलमधून तासाला साधारण ४ लिटर पाणी वाफ होऊन हवेत जातं. चोवीस तासांत १०० लिटर. हे कोणी फारसं पोहत नसतानाचं. सुट्टीत मुलं काठावरून उड्या मारायला लागली की आकडा दुपटीकडे जातो, कारण उसळलेलं पाणी आणि ओली फरशीही वाफ सोडतात.

या १०० लिटरना बाहेरची वाट दिली नाही तर ते स्वतःची वाट शोधतात. आधी काचा, मग खिडक्यांच्या चौकटी, मग छताच्या वरची पोकळी. पोकळीतलं दिसत नाही, त्यामुळे लक्षात येईपर्यंत बहुधा खर्च ठरून गेलेला असतो.

२. आर्द्रता नेमकी किती ठेवायची?

५० ते ६० टक्के. आणि हवेचं तापमान पाण्यापेक्षा १–२ अंश जास्त. पाणी २८ तर हवा २९–३०.

‘जितकं कोरडं तितकं बरं’ म्हणून काही जण ओल काढणारं यंत्र (डीह्युमिडिफायर) ४० टक्क्यांवर लावून ठेवतात. तसं केलं की ५५ टक्क्यांच्या तुलनेत बाष्पीभवन ४० टक्क्यांहून जास्त वाढतं. यंत्र पाणी ओढतं, पूल आणखी पाणी सोडतो आणि बिल दोघांचं मिळून येतं. शिवाय पाण्याबाहेर आलेल्या माणसाला हुडहुडी भरते. उलट ६५–७० टक्क्यांच्या वर गेलात की कोपऱ्यात बुरशी आलीच.

३. तुम्ही सारखा ‘दवबिंदू’ म्हणता. तो टक्क्यांपेक्षा वेगळा कसा, आणि घरी कसा मोजायचा?

आर्द्रतेचा टक्का तापमानाबरोबर हलतो. दवबिंदू हलत नाही. हवेत प्रत्यक्ष किती वाफ आहे ते तो सांगतो. ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसायला लागते तो दवबिंदू. ३० अंश आणि ५५ टक्के हवेचा दवबिंदू २० अंश. तीच हवा ७० टक्के झाली की जवळपास २४ अंश. खोलीतली जी वस्तू या आकड्यापेक्षा थंड, तिच्यावर पाणी धरणार. काच असो, लोखंडी पाइप असो, उत्तरेची भिंत असो.

मोजायला स्टीलचा पेला पुरतो. पेला बाहेरून कोरडा पुसून घ्या, अर्ध्यापर्यंत साधं पाणी घाला, त्यात थर्मामीटर ठेवा. मग बर्फाचा एकेक छोटा तुकडा टाकत ढवळत राहा. डोळे पेल्याच्या बाहेरच्या बाजूवर, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली. चकचकीत स्टील एका क्षणी मंद होतं, बोट फिरवलं तर रेघ उमटते. त्या क्षणी थर्मामीटर जे दाखवेल तो तुमच्या खोलीचा दवबिंदू. तोंड लांब ठेवा, नाहीतर श्वासाचीच वाफ बसेल. हाच पेला घेऊन बाहेर अंगणात जा आणि पुन्हा मोजा. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा कमी असेल तर बाहेरची हवा तुमची खोली कोरडी करेल. जास्त असेल तर ओली करेल. खिडकी उघडायची की बंद ठेवायची, याचा निकाल एवढ्यात लागतो.

४. माझा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) खरं सांगतोय हे कशावरून?

बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतपत होईल एवढेच पाण्याचे थेंब टाका. मीठ विरघळून जाता कामा नये. झाकण आणि हायग्रोमीटर एकाच झिपच्या पिशवीत बंद करून आठ–दहा तास ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ८१ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वाचनातून ६ वजा करा. क्लोरीनच्या हवेत स्वस्त मीटर लवकर बिघडतात, म्हणून ही चाचणी वर्षातून दोनदा तरी करावी.

५. उत्तरायणाच्या सुमारास रोज सकाळी काचांवरून पाणी ओघळतं. काच बदलू का?

आधी प्रश्न ३ मधला पेला काढा. आतला दवबिंदू २० अंशांच्या वर असेल तर दोष काचेचा नाही, खोलीतली वाफ जास्त आहे. ती कमी करा.

दवबिंदू २० च्या आसपास असूनही काच भिजते, असं असेल तर काच एकेरी असणार. बाहेर १२ अंश आणि आत ३० अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग साधारण १७ अंशांवर येतो, म्हणजे दवबिंदूच्या खाली. हवेची पोकळी ठेवलेली दुहेरी काच त्याच वेळी २३–२४ अंशांवर राहते आणि कोरडी असते. बडोद्यात अशी थंडी वर्षाचे मोजके आठवडेच असते, तेवढ्यासाठी सगळ्या काचा बदलणं प्रत्येकाला परवडत नाही. तेव्हा दुसरा उपाय : कोरडी, कोमट हवा काचेच्या तळापासून वर सोडणारी लांबट जाळी. हवेचा पडदा काचेला लागून वर चढत राहिला की काच गरम राहते. ही जाळी बांधकामाच्या वेळीच फरशीत ठेवली तर खर्च किरकोळ; नंतर फरशी फोडून बसवणं जिवावर येतं.

अॅल्युमिनियमच्या चौकटीवर लक्ष असू द्या. काच दुहेरी आणि चौकट साधी असली की पाणी चौकटीवर धरतं, आणि लोक काचवाल्याशी भांडत बसतात.

६. पावसाळ्यात सगळ्या खिडक्या उघड्या टाकतो, तरी खोली जास्तच कोंदट होते. असं का?

कारण बाहेरची हवा तुमच्या खोलीपेक्षा ओली असते. जुलै–ऑगस्टमध्ये बडोद्याच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, आणि आपण खोलीत २० ठेवू पाहतो. बाहेरून आलेला प्रत्येक घनमीटर सुमारे ६ ग्रॅम जास्तीची वाफ घेऊन येतो.

युरोपातल्या माहितीपत्रकांत ‘भरपूर बाहेरची हवा खेळवा’ असं लिहिलेलं असतं. तिथे ते खरं आहे, कारण तिथली बाहेरची हवा वर्षातला बहुतेक काळ थंड आणि कोरडी. आपल्याकडे वर्षाचे तुकडे पडतात. दसऱ्यानंतर हवा कोरडी होत जाते आणि होळी उलटून जाईपर्यंत बाहेरची हवा हे सर्वांत स्वस्त औषध असतं. मेच्या उत्तरार्धात खंभातच्या आखाताकडून येणारा वारा ओल आणू लागतो. पाऊस सुरू झाला की खिडक्या बंद करून यंत्रावर विसंबण्याला पर्याय नाही. जो ठेकेदार तुम्हाला वर्षभरासाठी एकच सेटिंग लावून देतो, त्याला जुलै आणि जानेवारीचं वेगवेगळं विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसरा ठेकेदार बघा.

७. मग नुसता मोठा एक्झॉस्ट पंखा लावून भागणार नाही का?

हिवाळ्यात भागेल. तेव्हा बाहेरचा दवबिंदू १० अंशांच्या आसपास असतो, आणि बाहेर टाकलेला प्रत्येक घनमीटर सुमारे ८ ग्रॅम वाफ घेऊन जातो. तासाला ४ लिटर काढायला ५०० घनमीटर हवा, म्हणजे पंखेवाल्यांच्या भाषेत ३०० सीएफएम (मिनिटाला घनफूट). मात्र पहाटे १४ अंशांची हवा ३० अंशांपर्यंत तापवावी लागते; त्याला अडीच–पावणेतीन किलोवॉट लागतात. दुपारी फार काही तापवावं लागत नाही, म्हणून हिवाळ्यातला पंखा दुपारी चालवणं शहाणपणाचं.

पावसाळ्यात हाच पंखा तासाला ३ लिटर वाफ आत ओढून आणेल (प्रश्न ६).

पंख्याचं दुसरं काम बारमाही आहे आणि ते कोणी सांगत नाही. आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर जाणारी हवा दहा टक्क्यांच्या आसपास जास्त ठेवा. म्हणजे पूलच्या खोलीत घराच्या मानाने किंचित कमी दाब राहतो, आणि दार उघडलं की घरातली हवा पूलकडे जाते, पूलची घरात येत नाही. तपासायला उदबत्ती पुरे : दाराच्या फटीपाशी धरली की धूर पूलच्या बाजूला ओढला गेला पाहिजे.

८. खोलीत दोन टनाचा स्प्लिट एसी आहे. तो ओल काढतोच की?

काढतो, पण चुकीच्या पद्धतीने. एसीला तापमानाची आज्ञा असते, ओलीची नाही. खोली २६ झाली की कॉम्प्रेसर थांबतो, मग ओल कितीही असो. दुसरं, हवा पाण्यापेक्षा थंड झाली की बाष्पीभवन वाढतं. ३० ऐवजी २६ अंशांच्या हवेत, टक्केवारी तीच ५५ ठेवली, तरी पूल सुमारे एक तृतीयांश जास्त वाफ सोडतो. तिसरं, साध्या एसीची उघडी तांब्याची कॉइल क्लोरीनच्या हवेपुढे फार टिकत नाही. ड्राय मोड लावल्याने पहिली अडचण थोडी कमी होते, बाकी दोन तशाच राहतात.

९. आणि डेझर्ट कूलर?

कूलर हवेत पाणी घालतो. पूलच्या खोलीत त्याचं काही काम नाही.

१०. ऑनलाइन २० लिटरचा डीह्युमिडिफायर मिळतो. असे दोन आणले तर?

डब्यावरचा ‘२० लिटर’ बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेवर मोजलेला असतो. तुमच्या ५५ टक्क्यांच्या हवेत तेच यंत्र त्याच्या जेमतेम निम्म्यावर येतं. म्हणजे दोन यंत्रांचे २० लिटर, आणि पूल सोडतो १००. कपड्यांच्या खोलीसाठी किंवा पूलशेजारच्या चेंजिंग रूमसाठी ती ठीक आहेत. पूलसाठी कॉइलवर इपॉक्सीसारखा लेप असलेलं, गंजाचा विचार करून बनवलेलं यंत्रच घ्यावं लागतं.

११. मग किती क्षमतेचं यंत्र घ्यायचं?

सगळ्यांत वाईट महिना धरा, आणि बडोद्यात तो जुलै–ऑगस्ट. नमुन्याच्या पूलचे तासाला ४ लिटर. त्यात ताज्या हवेबरोबर येणारी वाफ मिळवा : २०० घनमीटर हवा घेतली तर सव्वा लिटरच्या आसपास. एकूण साडेपाच लिटर तासाला, दिवसाला १३० लिटर. विक्रेत्याकडून हा आकडा ३० अंश आणि ५५–६० टक्क्यांवर लेखी मागा. ८० टक्क्यांवरचा आकडा घेऊ नका. क्लबहाउससाठी पोहणाऱ्यांची वर्दळ जास्त, तिथे पूलचा हिस्सा दुप्पट धरतात.

आता एक मुद्दा असा की तो विचारायचं लोकांना सुचत नाही. एक लिटर वाफेचं पाणी होताना ०.६८ युनिट उष्णता बाहेर पडते. त्यात यंत्राची स्वतःची वीज मिळवली तर १३० लिटरमागे दिवसाला दीडशे युनिटांच्या घरात उष्णता तयार होते. हिवाळ्यात ती पूलच्या पाण्यात परत घालता येते, आणि ते फार उत्तम, कारण बाष्पीभवनाने पाणी गारच होत असतं. पण पावसाळ्यात पाण्याला एवढी उष्णता नको असते आणि खोलीला तर मुळीच नको असते. तेव्हा यंत्राला छतावर किंवा अंगणात एक बाहेरचा कंडेन्सर हवा, उरलेली उष्णता तिथे टाकायला. थंड देशांसाठी बनवलेल्या काही मॉडेलांत तो नसतो. खोली कोरडी होते, पण ३५ अंशांवर जाते, आणि मग मालक पुन्हा एसी लावतो. ऑर्डर देण्यापूर्वी हे एक विचाराच.

१२. एवढ्या लिटरांचं विजेचं बिल किती येईल?

चांगलं यंत्र एका युनिटात दोन लिटरच्या आसपास पाणी काढतं. दिवसाला १३० लिटर म्हणजे ६५ युनिट. आकडा ऐकून फोनवर शांतता पसरते, म्हणून लगेच दुसरा आकडा सांगतो : दिवसात दोनच तास पोहत असाल तर उरलेले २२ तास ही वाफ उठू देण्याचं काहीच कारण नाही. पाण्यावर तरंगणारं कव्हर घाला. पाण्याला नीट चिकटून बसणारं कव्हर असेल तेवढा वेळ बाष्पीभवन जवळजवळ थांबतं. दुधावर साय धरली की वाफ कशी कमी होते, तसंच.

खर्चाचा क्रम माझ्या मते असा असावा : आधी कव्हर, मग हवा–पाण्याचं तापमान, मग भिंती आणि छप्पर, आणि शेवटी यंत्र. बहुतेक घरांत तो नेमका उलटा असतो. कव्हर गुंडाळायचा रोलर मात्र त्याच वेळी घ्या. हाताने ओढायचं कव्हर दिवाळीपर्यंत वापरलं जातं, नंतर ते कोपऱ्यात पडलेलं दिसतं.

१३. क्लोरीनचा उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. क्लोरीन कमी करू?

बहुधा उलट. स्वच्छ पाण्यातल्या क्लोरीनला फारसा वास नसतो. घाम, लघवी, अंगाला लावलेलं तेल यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतात. त्यांतलं ट्रायक्लोरामाइन पाण्यातून उडून हवेत येतं. तो वास त्याचा. डोळे आणि घसा तेच धरतं, आणि दम्याच्या माणसाला त्याचा जास्त त्रास होतो.

डीपीडी गोळ्यांच्या (पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या) किटने एकूण क्लोरीन आणि मुक्त क्लोरीन मोजा. दोघांतला फरक म्हणजे बांधलेलं क्लोरीन. तो ०.४ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.४ भाग) खाली हवा, ०.२ च्या खाली असला तर फारच छान. वर गेला असेल तर थोडं पाणी बदलणं, किंवा खोली पूर्ण उघडून आणि कोणी आत नसताना क्लोरीनचा मोठा डोस देणं, हे मार्ग आहेत. पाण्यात उतरण्यापूर्वी साबणाने आंघोळ केली तर यातलं पुष्कळ टळतं. पाहुण्यांना हे सांगायला संकोच वाटतो, तरी सांगा.

हवेच्या बाजूने : ट्रायक्लोरामाइन हवेपेक्षा जड असतं आणि पाण्याच्या पातळीलगत रेंगाळतं, नेमकं पोहणाऱ्याच्या नाकाशी. म्हणून बाहेर ओढणाऱ्या जाळ्यांपैकी निदान एक तरी खाली, काठालगत ठेवावी. डीह्युमिडिफायर पाणी काढतो, हा वायू बाहेर घालवत नाही. त्यामुळे पावसाळ्यातही थोडी ताजी हवा घ्यावीच लागते (तिचा हिशेब प्रश्न ११ मध्ये धरला आहे).

१४. आम्ही मिठाचा पूल करणार आहोत, मग हा सगळा त्रास वाचेल ना?

नाही वाचणार. मिठाच्या पूलमध्ये यंत्र मिठापासून क्लोरीनच तयार करतं. बाष्पीभवन तेवढंच, क्लोरामाइनचा धोका तोच. वर शिंतोड्यांबरोबर काठावर मीठ वाळतं आणि लोखंड लवकर खातं.

१५. छताला पीओपी आणि जिप्सम बोर्ड केलाय, स्टीलच्या तारांनी टांगलाय. चालेल ना?

दोन वेगळ्या काळज्या आहेत.

पहिली, बोर्ड. जिप्सम ओल पितो, फुगतो आणि एक दिवस कोपरा खाली येतो. सिमेंट बोर्ड किंवा पीव्हीसी वापरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाफ छताच्या वरच्या पोकळीत शिरू देऊ नका. वाफरोधक थर उष्णतारोधकाच्या आतल्या, म्हणजे पूलकडच्या बाजूला यायला हवा आणि त्यात भोकं नकोत. मग इलेक्ट्रिशियन येतो आणि एकेका लाइटसाठी सहा इंचांचं भोक पाडतो. ते प्रत्येक भोक सील झालंय की नाही हे शिडीवर चढून स्वतः बघा. लाइट आयपी ६५ दर्जाचे, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारे, आणि सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

दुसरी काळजी जास्त गंभीर. ‘स्टेनलेस आहे, गंजणार नाही’ हे पूलच्या छतापाशी खरं नाही. क्लोरामाइनच्या हवेत, ताण असलेल्या ३०४ आणि ३१६ प्रतीच्या स्टीललाही आतून बारीक तडे जातात आणि बाहेरून ते जेमतेम दिसतात. ९ मे १९८५ रोजी स्वित्झर्लंडमध्ये झुरिचजवळच्या उस्टर गावात इनडोअर पूलचं काँक्रीटचं छत याच कारणाने खाली आलं आणि १२ माणसं गेली. तो पूल १९७२ मध्ये बांधलेला होता. टांगायच्या सळ्या जाड गॅल्व्हनाइज्ड आणि रंगवलेल्या घ्या, हात पोचेल अशा ठेवा, आणि दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतला कोणताही बरा फॅब्रिकेटर हे काम करून देईल, फक्त तुम्ही ते मागितलं पाहिजे.

१६. पूलच्या शेजारच्या खोलीत आईचा तानपुरा आणि हार्मोनियम आहे. ओल तिथे जाईल का? शिवाय स्वयंपाकघरात पापड-कुरडया सादळायला लागल्यात.

सादळलेले पापड म्हणजे गळतीची पक्की खूण, मीटरची गरजच नाही. पावसाळ्याशिवाय, समजा फेब्रुवारीत, असं होत असेल तर पूलची हवा घरात येते आहे. उदबत्तीची चाचणी करा (प्रश्न ७). दार आपोआप बंद होणारं आणि कडेने रबरी गॅस्केट असलेलं हवं. सागवानी दार फुगून बसत नसेल तर सुताराला रंधा मारायला लावू नका. उन्हाळ्यात तेच दार आक्रसून फट ठेवील.

तानपुरा दुसऱ्या खोलीत हलवा. बडोद्यासारख्या गाण्याच्या गावात वाद्याचा भोपळा ओलीत ठेवला तर घरी येणारे लोक आधी त्याबद्दलच बोलतील, पूलबद्दल नंतर.

१७. वास्तूप्रमाणे पूल ईशान्येला घेतला. दमटपणाच्या दृष्टीने काही फरक?

थोडा. उत्तरेच्या भिंतीला हिवाळ्यात ऊन जवळजवळ लागत नाही, त्यामुळे ती खोलीतली सर्वांत थंड बाजू असते आणि पाणी तिथे पहिलं धरतं. जागा बदलू नका. उत्तरेला काच कमी घ्या आणि त्या भिंतीला उष्णतारोधक थर द्या.

१८. बाबांच्या गुडघ्यांसाठी पाणी ३२ अंशांवर ठेवायचं म्हणतात फिजिओथेरपिस्ट. मग हवा ३४ वर न्यायची?

नको, तेवढ्यात माणसाला गुदमरल्यासारखं होतं. हवा ३०–३१ वर थांबवा. ‘हवा पाण्यापेक्षा गरम’ हा नियम इथे मोडतो आणि त्याची किंमत मोजावी लागते : २८ ऐवजी ३२ अंशांच्या पाण्यातून, ३० अंशांच्या त्याच हवेत, बाष्पीभवन सुमारे ७० टक्क्यांनी वाढतं. यंत्राची क्षमता त्याप्रमाणे घ्या आणि कव्हर टाळू नका. जमलं तर बाबांसाठी छोटं वेगळं कुंड करा. ६ चौरस मीटर पाणी ३२ वर ठेवणं सोपं, ४० चौरस मीटर ठेवणं महाग.

उन्हाळ्यात हाच प्रश्न न मागता येतो. मेमध्ये बंद खोलीतलं पाणी आपोआप ३१–३२ वर चढतं. तेव्हा हीटर बंद आहे ना हे बघा आणि रात्री, बाहेरची हवा पेल्याच्या चाचणीत कोरडी ठरली तर, खिडक्या उघडून कव्हर काढून ठेवा. वर्षात एवढ्याच वेळी बाष्पीभवन आपल्या बाजूने काम करतं.

१९. आमच्या पूलवर पॉलिकार्बोनेटची शेड आहे, तीन बाजू उघड्या. डीह्युमिडिफायर कुठे बसवू?

कुठेच नाही. उघड्या शेडखाली यंत्र लावणं म्हणजे गाव कोरडं करायला निघणं. हिवाळ्याच्या पहाटे पत्र्यावर दव धरून थेंब पडतात, त्यासाठी शेडला उतार द्या म्हणजे पाणी कडेला जाईल, आणि वर एक पंखा हवा हलती ठेवायला. पुढे तिन्ही बाजू काचेने बंद करायचा विचार असेल तर तेव्हा हे पान पहिल्यापासून वाचा. अर्धवट बंद केलेली शेड सर्वांत वाईट.

२०. यंत्रं तळघरात ठेवावीत असं आर्किटेक्ट म्हणतोय.

विश्वामित्री नदीला विचारा. जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ या दोन्ही पुरांत बडोद्यातली कित्येक तळघरं पाण्याखाली होती. जमिनीपेक्षा उंच ओटा किंवा गच्ची बघा. आणि जागा कुठलीही असो, अॅसिडचे कॅन आणि क्लोरीनचे ड्रम त्या खोलीत ठेवू नका. हायड्रोक्लोरिक अॅसिडच्या वाफा कॉइलला पूलच्या हवेपेक्षा कितीतरी लवकर खातात. अॅसिड आणि क्लोरीन एकमेकांशेजारीही नकोत. मिसळले तर विषारी वायू सुटतो.

२१. महिनाभर पुण्याला जातोय. सगळं बंद करून जाऊ?

हीटर बंद करा, कव्हर घाला, पण डीह्युमिडिफायर ६० टक्क्यांच्या आज्ञेवर चालू ठेवा. कव्हर नीट बसलं असेल तर तो क्वचितच सुरू होईल. पाण्याचा पंप दिवसातले काही तास चालू राहू दे. पावसाळ्यात जात असाल तर शेजाऱ्यांना आठवड्यातून एकदा मीटर बघायला सांगा. वीज गेल्यावर यंत्र आपोआप पुन्हा सुरू होतं की नाही, हे जाण्याआधी मेन स्विच पाडून तपासा. बऱ्याच यंत्रांना ते होत नाही.

२२. डीह्युमिडिफायरचं पाणी डिस्टिल्ड असतं ना? इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू?

नाही. पूलच्या हवेतले क्लोरामाइन त्यात विरघळतात, आणि क्लोराइड बॅटरीचा घात करतं. पिण्याला किंवा देवाच्या पाण्यालाही नको. गटारात सोडा, किंवा अंगण धुवा.

२३. आर्द्रता ५५ टक्के, दवबिंदू २०, कव्हर आहे, पंखा आहे. तरी एकाच कोपऱ्यात काळी बुरशी येते. आता काय?

तीन शक्यता. कोपऱ्यात हवा पोचत नसेल : उदबत्ती तिथे धरा, धूर सरळ उभा राहिला तर हवा मेलेली आहे, एक जाळी तिकडे वळवा. हवा पाण्याच्या पृष्ठभागावर मात्र वळवू नका, बाष्पीभवन वाढेल. दुसरी, आरसीसीचा कॉलम किंवा बीम तिथून बाहेरपर्यंत गेलेला असेल आणि थंडी आत आणत असेल. भिंतीवर लांबून रोखायचा इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन पहाटे मोजा, बाजूच्या भिंतीपेक्षा ३–४ अंश कमी आला तर तोच गुन्हेगार. तिसरी, ती ओल हवेतली नसेलच. भिंतीच्या आत पूलचा पाइप किंवा बाथरूमचा नळ गळत असेल.

तिसरीची चाचणी अशी. बुरशी पुसून जागा पंख्याने कोरडी करा. फूटभर लांबी-रुंदीचा अॅल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस हात लावू नका. पाणी फॉइलच्या वर, खोलीच्या बाजूला आलं तर हवेतलं आहे, प्रश्न ३ पासून पुन्हा सुरुवात करा. फॉइल सोडवल्यावर आतली बाजू ओली निघाली तर प्लंबरला बोलवा, आणि त्याने येऊन भिंत फोडण्यापूर्वी पूल भरायचा नळ बंद करून पाण्याची पातळी पेन्सिलने काठावर खुणावून ठेवा.